बेचिराख गावचा तलाठी

परवा पेपरात बातमी होती. 'आगीत कडब्याच्या दोन गंजी बेचिराख.' चहा पिता पिता मला हसू आलं. सौ. म्हणाली, "शेतकऱ्याचा कडबा जळला नि तुम्हाला हसायला काय झालं?" बरोबर होतं तिचं. पण आता तिला कसं सांगायचं, की कडब्याच्या गंजीत मुळात दिवा लावतच नाहीत, मग ती बेचिराख कशी होणार? दिवा तिथपर्यंत पोचला म्हणून तर ती जळली!

हे हसू बेचाळीस वर्षांपूर्वीचं आहे, आणि त्या वेळी हसणारा मी नव्हतो.

१९८४ साली मी तलाठी म्हणून पहिल्या सजेवर हजर झालो. बार्शीच्या बाजूला, जुन्या मोगलाईच्या, म्हणजे निजामाच्या राज्याच्या, हद्दीला लागून. सजेत चार गावं. आधीच्या तलाठ्याकडून दप्तर ताब्यात घेतलं. लाल फडक्यातले गठ्ठे, कडा कुरतडलेले नकाशे, एक टेप, एक मोडकी साखळी. चार्ज यादीत तिसऱ्या गावापुढे बारीक अक्षरात लिहिलेलं होतं: बेचिराख. सातबारे होते, जमिनीच्या साऱ्याचा आकारबंद होता, खातेदार होते, शेतसारा वसूल होत होता. माणूस मात्र एकही राहत नव्हता. खातेदार सगळे शेजारच्या दोन गावांत राहणारे.

महिन्याभरात वरून पत्र आलं, सजेतल्या गावांची माहिती पाठवा. मी नवा, हौशी, अक्षर चांगलं. तिसऱ्या गावापुढे मी झोकात लिहिलं: 'सदर गाव पूर्वी केव्हातरी लागलेल्या मोठ्या आगीत भस्मसात झाले असून तेव्हापासून वस्ती नाही.'

चार दिवसांनी अव्वल कारकुनांनी बोलावलं. हे गृहस्थ निजामाच्या राज्यात जन्मलेले, शाळा उर्दूतून झालेली, निवृत्तीला वर्ष उरलेलं. माझा कागद समोर धरून त्यांनी अख्ख्या कचेरीला ऐकू जाईल असं विचारलं, "या तलाठीबुवा. आग कोणत्या साली लागली म्हणता? पंचनामा जोडलेला दिसत नाही."

मी गप्प.

"बेचिराख लिहिलंय ना दप्तरात? बे म्हणजे काय?"

"म्हणजे... विना. बेइमान, बेवारस."

"आणि चिराग?"

चिराग मला ठाऊक होता, पण हिंदी पिक्चरमधला. "दिवा," मी म्हणालो.

"मग राख कुठनं आणलीत तुम्ही? घरनं?"

कचेरीत जो हशा पिकला तो अजून कानात आहे. शेवटी त्यांनीच माझ्या वाक्यावर काट मारली आणि वर दोन शब्द लिहिले, 'वस्ती नाही'. कागद परत देताना आवाज खाली आणून म्हणाले, "जिथं संध्याकाळी दिवा लागत नाही ते गाव बेचिराग. कुणी जाळलं, कुणी पळवलं, कशानं मेलं, ते या शब्दात नाही. उगाच भर घालू नये."

आपण सगळेच त्या शब्दात राख बघतो, कारण ती दिसतेच. बे-चि-राख. फारसीतल्या चिरागमधला शेवटचा ग घशातून घोगरा निघतो, तो आपल्या जिभेला जमत नाही. कुणी ग म्हणालं, कुणी ख म्हणालं. जुन्या मराठीत 'चिराख' हा दिव्यासाठी साधा, रोजचा शब्द होता. दिवे ठेवायचं ते चिराखदान. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची दुसरी आवृत्ती १८५७ची, तीही हा शब्द फारसीतूनच आलेला सांगते. पुढे चिराख बोलण्यातून गेला, 'बे' लावलेला तेवढा मागे राहिला, आणि एकटा पडल्यावर लोकांनी त्याचं नातं राखेशी जुळवून टाकलं. मग हिरोशिमा बेचिराख झालं, कापडाचं दुकान बेचिराख झालं, आणि आता कडबा.

थोडं लोकांच्या बाजूनंही बोलतो. शब्दाचा अर्थ नुसत्या उच्चारावरून सरकला असं मला वाटत नाही. फौजा मुलूख मारत जायच्या तेव्हा आधी घरं पेटायची, मग माणसं पळायची. ज्यानं ते पाहिलं त्याच्या डोळ्यांत राख आणि काळोख एकाच दिवशी शिरले. 'जाळून बेचिराख केलं' असं कुणी म्हणालं तर मी चूक काढत नाही. कडब्याला मात्र माझी हरकत आहे.

गंमत अशी, की हा शब्द परका असला तरी त्यातला विचार आपल्या घरातला आहे. माझी आजी तिन्हीसांजेला देवापाशी दिवा लावल्याशिवाय कुणाला काही देत नसे, कुणाकडून घेत नसे. दिवा विझला म्हणायची सोय नव्हती. दिवा शांत झाला, दिवा वाढवला. चुकून 'विझला' निघालं तर डोक्यात टपली बसायची. "त्यांच्या घराला दिवा लावायला कुणी उरलं नाही" असं ती एखाद्या घराबद्दल म्हणाली की आम्हा पोरांनाही कळायचं, पुढं विचारायचं नाही. १९१८ साली मानमोडीची, म्हणजे इन्फ्लुएंझाची, साथ आली तेव्हा ती आठ-नऊ वर्षांची होती. तिच्या माहेरच्या आळीत एकाच आठवड्यात तीन घरं अशी झाली. तिनं मेलेल्या माणसांचा आकडा कधी सांगितला नाही. तीन घरं अंधारली, एवढंच. खानेसुमारीत, म्हणजे जनगणनेत, ते आकड्यांनी उतरलं आहे: १९११ला आजच्या हद्दीतला देश पंचवीस कोटी एकवीस लाखांचा होता, १९२१ला पंचवीस कोटी तेरा लाखांचा. विसाव्या शतकात दोन खानेसुमारींमध्ये देशाची माणसं कमी झाली ती या एकाच वेळी.

खानेसुमारी म्हटलं म्हणून सांगतो, तोही फारसीच शब्द, आणि त्याचा सरळ अर्थ घरांची मोजणी. आपल्याकडे गावाचा आकार सांगताना डोकी कुणी मोजत नसे. शंभर उंबऱ्यांचं गाव. दोनशे चुलींचं गाव. उंबरा, चूल, दिवा. माणूस आज इथं, उद्या ऊसतोडीला, परवा मुंबईला. उंबरा हलत नाही. तलाठ्याच्या नोकरीत मला हे फार पटलं. कुटुंबात किती माणसं विचारलं की घरातली चार माणसं चार आकडे सांगतात. चुली किती विचारलं की एकच उत्तर येतं, आणि भाऊ वेगळे झालेत का तेही त्यातच कळतं.

गाव रिकामं होण्याला आपल्या भाषेत किती शब्द आहेत ते मी नोकरीत असताना एका जुन्या डायरीच्या पाठीमागे लिहून ठेवायचो. ओस हा त्यातला सगळ्यात जुना असावा. संस्कृतात उद्वस म्हणजे वस्ती उठलेलं. प्राकृतात त्याचं उव्वस झालं, आणि झिजत झिजत आपल्याकडे ओस. त्यातूनच ओसाड. 'ओसाड गावी एरंड बळी' ही म्हण शाळेत शिकलो, पण तो एरंड मी बघितला बेचिराख गावातच. चांगला डोक्याच्या वर गेलेला. अमरावतीकडचा एक तलाठी प्रशिक्षणात माझ्या खोलीत होता. तो म्हणाला, आमच्याकडे असल्या गावाला रिठ म्हणतात, रिठी गाव. विदर्भातल्या याद्यांमध्ये अजूनही गावाच्या नावापुढे कंसात 'रिठ' असतं. खानेसुमारीच्या पुस्तकात ही सगळी गावं 'निर्जन' या एकाच रकान्यात जातात. २०११च्या मोजणीत महाराष्ट्रात त्रेचाळीस हजारांवर गावं होती, त्यातली अडीच हजारांहून जास्त निर्जन. तेवढ्या गावांना नाव आहे, नकाशा आहे, शीव आहे, आणेवारीसुद्धा लागते. हाक मारली तर ओ द्यायला कुणी नाही.

जुन्या कागदांत आणखी दोन शब्द सापडतात, आणि ते मला बेचिराखपेक्षाही बोचतात. एक परागंदा. फारसीत पराकंदा म्हणजे विखुरलेला. दुष्काळात रयत परागंदा झाली असं लिहितात तेव्हा मूठभर दाणे जमिनीवर फेकल्यासारखी माणसं डोळ्यांसमोर येतात. आज आपण तो शब्द कर्ज बुडवून पळालेल्याला वापरतो. दुसरा गतकुळ. ज्या मिराशीचं, म्हणजे वंशपरंपरेच्या जमिनीचं, कुळच उरलं नाही ती जमीन गतकुळी. म्हणजे माणसं गेली तरी वाक्य जमिनीचं. महसुलाची भाषा ही अशी. मीही बत्तीस वर्षं तीच लिहिली.

तिसऱ्या गावाकडे मी पहिल्यांदा गेलो तो पीक पाहणीला, सोबत कोतवाल. साठीचा माणूस, डोक्याला फटकूर, हातात काठी. गावठाण बघायचंय म्हणालो तर म्हणाला, "भाऊसाहेब, ते बगा की म्होरं, पांढर."

आमच्याकडे काळी म्हणजे शेत, पांढरी म्हणजे वस्ती. शेकडो वर्षं माणसं एका जागी राहिली, घरं पडली, त्यांवर पुन्हा बांधली, चुलींची राख, शेणामातीचे पोपडे, असं साठत साठत जमीन फिकट होते आणि वर चढते. काळ्याभोर रानात दीड-दोन पुरुष उंचीचं टेकाड. वर बाभळी, तरवड, एक जुना लिंब. पावलागणिक खापरं. निम्मं टेकाड कापलेलं होतं, कारण माळवदावर, म्हणजे घराच्या सपाट छपरावर, टाकायला पांढरी माती लागते, आणि आजूबाजूच्या तीन गावांची माळवदं याच टेकाडानं भरलेली. म्हणजे ते गाव तसं पूर्ण गेलं नव्हतं. शेजाऱ्यांच्या डोक्यावर जाऊन बसलं होतं. कापलेल्या बाजूला चुलीची जागा दिसत होती, काळा पट्टा, त्याखाली तांबडा, त्याखाली परत पांढरा. जात्याची एक तळी उलटी पडलेली. थोड्या अंतरावर शेंदूर थापलेला मारुती, त्याच्यापुढे दगडात कोरलेली दिव्याची वाटी. वाटीत मुंग्या.

"गाव कशानं उठलं?" मी विचारलं.

"पटकीनं. मरीआईचा फेरा आला, तेराव्याला कुणी उरलं न्हाई."

दुसऱ्या गावच्या पाटलांनी सांगितलं, छे, पटकी नाही, प्लेग. प्लेगात सगळी गावं रानात खोपटी घालून राहिली, हे गाव गेलं ते परत आलंच नाही. तिसरा एक म्हातारा म्हणाला, त्याच्या कितीतरी आधी, विहिरीचं पाणी खारट झालं म्हणून. तिघांनीही आपल्या आज्याकडून ऐकलेलं, तिघांनाही पक्कं माहीत. आकारबंदात कारण नव्हतंच. मला अव्वल कारकून आठवले. उगाच भर घालू नये.

त्या गावाच्या नकाशाला नैऋत्येला एक लांब नाक निघालेलं होतं, शेजारच्या शिवेत घुसलेलं. मोजणीला गेलं की त्या नाकावरून हमखास भांडण. ते तसं का, याचा पत्ता मला कधी लागला नाही, पण मराठ्यांचा इतिहास लिहिणाऱ्या ग्रँट डफनं दिलेली एक हकिकत वाचल्यापासून माझी त्याच्याकडे बघायची नजर बदलली. १३९६ साली सुरू झालेला दुर्गादेवीचा दुष्काळ. बारा वर्षं चालला असं परंपरा सांगते. गोदावरी ते कृष्णा या पट्ट्यातली गावंच्या गावं रिकामी झाली. पुढं बहामनी राज्यानं मुलूख पुन्हा वसवायचं मनावर घेतलं ते १४२९च्या सुमाराला, आणि ते काम सोपवलं दादो नरसू नावाच्या ब्राह्मण कारभाऱ्याकडे आणि दरबारातल्या एका तुर्की खोजाकडे, म्हणजे षंढ केलेल्या सेवकाकडे. आता आली पंचाईत. जुन्या शिवा कुठल्या, हे सांगायला माणूसच नाही! मग त्यांनी शिवा नव्यानं आखल्या, वाढवल्या, दोन-दोन तीन-तीन गावं मिळून एक केलं. जो कसेल त्याला जमीन. पहिल्या वर्षी सारा माफ. दुसऱ्या वर्षी बिघ्याला एक तोबराभर धान्य. घोड्याच्या तोंडाला बांधायची ती चंदीची पिशवी, तीच सरकारी माप.

हे वाचलं तेव्हा मी सर्कल, म्हणजे मंडळ अधिकारी, झालो होतो. मला त्या दादो नरसूबद्दल फार जवळीक वाटली. रिकाम्या रानात उभा, हातात काही कागद, आणि विचारायला कोतवालसुद्धा नाही. आम्हाला निदान हद्दीचे दगड तरी सापडत. त्याला तोबऱ्याची कल्पना सुचली ती मात्र पक्क्या महसुली डोक्याची. सारा अगदीच सोडला तर हक्क सुटतो, जास्त मागितला तर माणूस सुटतो. पुढे इस्तावा म्हणून पद्धत चालली, पडीक जमीन लागवडीला आणणाऱ्याला आरंभी नाममात्र सारा आणि मग वर्षावर्षानं चढता. त्याचंच हे जुनं भावंड. गाव वसवण्याच्या कौलांची भाषा बघितली की कळतं, माणूस त्या काळी किती महाग होता. जमीन पडून होती, पाणीही होतं. दिवा लावणारा हवा होता.

२०१५च्या एप्रिलमध्ये रजा टाकून मी पंजाबात घुमानला गेलो होतो, साहित्य संमेलनाला. नामदेवरायांचं गाव म्हणून. साहित्याशी माझा संबंध फेरफार लिहिण्यापुरता, पण आमच्या मंडळींनी गाडी ठरवली, मीही बसलो. तिथं लंगरमध्ये शेजारी एक सरदारजी बसले, निवृत्त पटवारी निघाले. दोन महसुली माणसं भेटली की भाषा आड येत नाही. जमाबंदी, गिरदावरी, ततिमा असं त्यांचं सुरू झालं, सातबारा, आणेवारी, फाळणी असं माझं. बोलता बोलता ते म्हणाले, आमच्या हलक्यात, म्हणजे सजेत, दोन पिंड, म्हणजे गावं, 'बेचिराग' होती. मी जेवता जेवता थांबलो. त्यांना विचारलं, बेचिराग म्हणजे काय समजता? त्यांनी अंगठा आणि तर्जनी जुळवून ज्योत दाखवली, आणि तीवर फुंकर मारली. बिहारकडेही असल्या गावांना बेचिरागी मौजा म्हणतात. म्हणजे सरकारी फारसी जिथं जिथं पोचली तिथं तिथं हे दिवे नसलेलं गाव पोचलं. राख फक्त आपल्या वाट्याला आली.

त्याच प्रवासात गाडीतल्या एका प्राध्यापकांनी आणखी एक सांगितलं. अरबीतला सिराज, म्हणजे सिराजुद्दीनमधला, तोही मुळात हा चिरागच. इराणातून सिरियाकडच्या भाषांत गेला, तिथून अरबीत, आणि वेष बदलून मुसलमानी नावांतून आपल्याकडे आला. आमच्या बार्शीत सिराज नावाचा एक वेल्डर होता. त्याला मी परत आल्यावर सांगितलं, अरे, तू आणि माझं तिसरं गाव चुलतभाऊ लागता. त्यानं काळा चष्मा वर करून माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "भाऊसाहेब, उन्हात फिरलात काय?"

निवृत्तीनंतर तिकडे जाणं झालं नव्हतं. गेल्या दिवाळीत पुतण्याची गाडी होती, सौ.ला म्हटलं चल, तुला माझं पहिलं दप्तर दाखवतो. पोचेपर्यंत दिवस बुडाला. पांढरीचं टेकाड आता मांडीएवढं उरलंय. माळवदं गेली, स्लॅब आले, तरी माती नेणं थांबलेलं नाही, आता ती मुरमासोबत रस्त्यावर पडते. लिंब आहे. मारुतीला कुणीतरी पत्र्याचं छप्पर केलंय.

आणि टेकाडापलीकडे, जिथं ते नकाशाचं नाक आहे, तिथं एक बल्ब. पत्र्याचं घर, पुढे गोठा, दोन जर्सी गायी. एक पोरगा धार काढत होता, पंचविशीचा असेल. तीन वर्षं झाली म्हणे राहायला येऊन. भावकीत वाटणी झाली, गावातलं घर थोरल्याला गेलं, त्याला हे रान आलं. बिबट्याची भीती आहे म्हणून बल्ब रात्रभर चालू असतो. लाइट गेली तर सोलरचा कंदील.

मी तलाठी होतो म्हटल्यावर त्यानं धार अर्धवट सोडली आणि आतून प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवलेले कागद आणले. रहिवासी दाखला पाहिजे होता. सातबारा इथला, पण राहता कुठं विचारलं आणि या गावाचं नाव सांगितलं की समोरचा संगणकात बघून म्हणतो, त्या गावात कुणी राहत नाही. रेशनकार्ड अजून थोरल्या भावाच्या गावात, तिथली चूल मात्र वेगळी झालेली. "म्हंजे मी ऱ्हातो कुटं, तुमीच सांगा," तो म्हणाला.

कागद बल्बच्या उजेडात धरून मी बघितले. ग्रामपंचायत शेजारची लागते, तिथून आधी वस्तीची नोंद घे, विजेचं बिल जोड, त्यावर या गावाचं नाव असेल. त्यानं बिल काढलं. होतं. ग्राहकाच्या पत्त्यात त्या गावाचं नाव, स्वच्छ छापलेलं, खाली युनिट एकशे अठरा.

"हे सगळ्यात वर लाव," मी त्याला म्हटलं.

सौ. तोवर आत जाऊन आली होती. पोराची बायको चहा टाकत होती. मारुतीच्या पुढच्या दगडी वाटीत तेल होतं, वात होती. मी विचारलं, कोण लावतं? "हीच," तो म्हणाला. "येताना घिऊन आली व्हती, तिच्या आयनं सांगितलंय."